नरकाच्या जबड्याचा तो छापा कितपत खरा?

‘इल पोमो दोरो’ या ऑपेरातला नरकाच्या जबड्याचा छापा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर उमटवलेलं चित्र, पाहून तुम्ही विचारलंत की रंगमंचावर खरंच असं काही उभं केलं होतं का, की छापणाऱ्यानं पदरचं घातलंय. उभं केलं होतं, असंच मी म्हणेन. पण छाप्यात दिसतो तितका तो देखावा त्या नाट्यगृहात फारच थोड्यांना दिसला असणार.

हा ऑपेरा 12 आणि 14 जुलै 1668 असा दोन दिवसांत व्हिएन्नात झाला. संगीत चेस्तीचं, नेपथ्य लुडोविको बुर्नाचिनीचं, निमित्त सम्राज्ञी मार्गारिटाच्या वाढदिवसाचं. वीसहून अधिक देखावे होते आणि ते माथेउस क्युझेलनं तांब्याच्या पत्र्यांवर उतरवले. त्या काळी नेपथ्यातली खोली एका ठरावीक जागेवरून पाहण्यासाठी आखत, आणि ती जागा राजाची. सम्राट लिओपोल्ड समोर मधोमध बसलेला. बाजूला बसलेल्यांना खांबांच्या रांगा वाकड्या दिसत, विंगांमधल्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रंगवलेल्या चौकटींमधल्या, फटी दिसत. छापा मात्र आपल्या प्रत्येकाला सम्राटाच्या आसनावर बसवतो. शिवाय मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांच्या उजेडात जे अर्धवट दिसायचं, ते कागदावर कोपऱ्यापर्यंत लख्ख दिसतं.

आता तो छापा भिंग घेऊन पुन्हा पाहा. राक्षसाच्या दातांमधून आत बघितलं की मेलेल्यांना नदीपार नेणाऱ्या ग्रीक पुराणातल्या कॅरन नावाड्याची नाव दिसते आणि तिच्या मागे जळणारं शहर. म्हणजे पुढे जबडा, मध्ये नदी, मागे आग. माझ्या मते यात रंगमंचाची रचनाच दिसते : पुढे कापून काढलेली चौकट, मागे एकामागे एक थर. कल्पनेतला नरक काढायचा असता, तर त्याला थरांची ही शिस्त पाळायचं कारण नव्हतं.

माणसांच्या आकारावर मात्र विसंबू नका. माणसं जरा लहान काढली की महाल आपोआप प्रचंड होतो. डावं-उजवंही तपासा. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं. कोरणाऱ्यानं आधीच उलटं काढून घेतलं नसेल, तर सगळे योद्धे डावखुरे दिसतात. तलवारी कुठल्या हातात आहेत हे मी सगळ्यात आधी बघतो.

ढगांतून देव उतरतात तिथे दोर का दिसत नाहीत, हेही तुम्ही विचारलंत. ते मुद्दामच गाळलेले असतात, कारण हे छापे दरबाराचं वैभव दूरदूर पोचवायला काढले जात. याच ऑपेराच्या नांदीच्या छाप्यात सम्राटाच्या हाब्सबर्ग घराण्यातल्या पूर्वजांचे अश्वारूढ पुतळे आहेत आणि मधोमध खुद्द सम्राट लिओपोल्ड. तिथे दोर दाखवून कसं चालेल?

यंत्रं समजून घ्यायची तर व्हेनिसकडे वळा. 1640च्या दशकात जाकोमो तोरेल्लीनं तिथे सगळ्या विंगा एकदम बदलण्याची सोय केली. विंगांच्या चौकटी जमिनीतल्या खाचांतून खाली चाकांच्या गाड्यांवर उभ्या, गाड्यांचे दोर एका मोठ्या रुळाला बांधलेले. वजन सोडलं की रूळ फिरायचा आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत राजवाड्याचं अरण्य व्हायचं. बुर्नाचिनीचे वडीलही व्हेनिसमध्येच नेपथ्य करत, मग व्हिएन्नाला आले. चेकियातल्या चेस्की क्रुमलोव्हच्या वाड्यात आणि स्वीडनमध्ये ड्रॉटनिंगहोमला अशी जुनी यंत्रं अजून शाबूत आहेत. त्यांची चित्रफीत आधी पाहा, मग छाप्याकडे या. दोन विंगांमधली फट कुठे असेल ते तुम्हाला आपसूक कळायला लागेल.

या छाप्यांबद्दल मला इतकी माया का, तेही सांगतो. ‘इल पोमो दोरो’ झाला ते व्हिएन्नातलं नाट्यगृह 1683 मध्ये तुर्कांचा वेढा पडला तेव्हा पाडलं गेलं. ऑपेराच्या तिसऱ्या आणि पाचव्या अंकाच्या संगीताचा बराचसा भाग हरवला. त्या अंकांचे देखावे मात्र क्युझेलच्या रेषांत आजही बघता येतात.