टॉवर स्पीकर, दहा फुटी हॉल आणि वहिनींची हरकत

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्यात टू बीएचके, हॉल 10 बाय 16 फूट, साडेतीन फुटी टॉवर स्पीकरची जोडी मनात भरलीय पण अजून घेतलेली नाही, आणि वहिनी म्हणतात, "हॉलमध्ये दोन कपाटं उभी करायची नाहीत." त्यांना कसं पटवायचं? काही जणांनी तुम्हाला "आधी आणून ठेवा, मग होते सवय" असं सुचवलंय. ते मनावर घेऊ नका. सवय होत नाही. फक्त पुढची दहा वर्षं प्रत्येक भांडणात त्या स्पीकरचा उल्लेख येतो.

आमच्याकडे प्रकार उलटा आहे. स्टिरिओचं वेड मला, आणि हॉलवर राज्य नवऱ्याचं आणि सासूबाईंचं. त्यामुळे 'बायकांना आवाजातलं काय कळतं' छापाचे विनोद माझ्यापाशी चालत नाहीत. हरकत घेणाऱ्याला आवाजाशी देणंघेणं नसतं, हे मात्र खरं. दहा फुटी हॉल ही घरातली एकमेव सामायिक खोली. तिथे पाहुणे येतात, मुलं अभ्यासाला बसतात, हळदीकुंकू होतं, गणपती बसतात, रात्री कुणाची तरी गादी पडते. तुम्ही त्यातला एक तुकडा एकट्याच्या हौसेसाठी कायमचा मागताय. टॉवरऐवजी तुम्ही फिश टँक मागितला असता तरी उत्तर हेच आलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जागा कायमची मागूच नका, वेळेपुरती मागा. स्पीकरला दोन मुक्काम द्या. एरवी भिंतीलगत, ऐकायच्या वेळी पुढे. हा निव्वळ घरगुती तोडगा नाही. तुमच्या खोलीच्या मापांकडे पाहिलं तर आवाजाच्या हिशेबानेही तो बरोबर ठरतो.

जरा आकडेमोड करू. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने 343 ला भागलं (अंतर मीटरमध्ये; 343 म्हणजे आवाजाचा सेकंदाला मीटरमधला वेग), की त्या दिशेला खोली कुठल्या सुराला घुमणार ते कळतं. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर, उत्तर 56 हर्ट्झ. छत साडेनऊ फुटांवर असेल तर 59. म्हणजे रुंदी आणि उंची दोन्ही जवळजवळ एकाच सुराला घुमणार. त्यात टॉवर भिंतीला चिकटवून ठेवलेत की मागची भिंत खर्ज आणखी फुगवते. 40 हर्ट्झपर्यंत खाली जाणारा टॉवर या खोलीत उभा केलात, तर पैसे ज्या खर्जासाठी मोजलेत तोच खर्ज डोकं उठवेल. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढलात की घुमणं बरंच उतरतं. पण रोज दीड-दोन फूट पुढे उभा असलेला टॉवर म्हणजे वहिनींची 'कपाटं' आलीच.

तेव्हा स्पष्टच लिहिते. या खोलीत टॉवर नकोत, या मुद्द्यावर वहिनी बरोबर आहेत. कारणं वेगळी असतील त्यांची, निष्कर्ष तोच.

मग घ्यायचे ते बुकशेल्फ स्पीकर, म्हणजे स्टँडवर ठेवायच्या छोट्या पेट्या. छोटी पेटी म्हणजे तडजोड, असं तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. तसं नाही. बीबीसीने 1970 च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनसाठी एक स्पीकर तयार केला, एलएस 3/5ए. व्हॅनमध्ये मोठा स्पीकर मावेना म्हणून जेमतेम फूटभर उंचीची बंद पेटी केली, आणि तीत माणसाचा आवाज खरा वाटला पाहिजे ही अट. आज पन्नासेक वर्षांनंतरही लोक ती पेटी शोधत असतात. अडचणीच्या जागेसाठी केलेली वस्तू अडचणीच्या जागेत शोभते, यात नवल कसलं?

आणि तुम्ही शास्त्रीय ऐकता असं लिहिलंय. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा मध्य सा साधारण 139 हर्ट्झ, त्याच्या तानपुऱ्याचा खर्ज 69. बरी बुकशेल्फ जोडी 60 पर्यंत सहज उतरते. शिवाय तानपुऱ्याचा सगळा जीव जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांत असतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये नेमका यावर निबंध लिहिला होता. ते वरचे स्वर दाखवायला मोठा वूफर (खालच्या स्वरांचा पडदा) लागत नाही, चांगला ट्वीटर (वरच्या स्वरांचा छोटा पडदा) लागतो आणि तो कानाच्या उंचीला लागतो. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारही छोट्या पेटीत येतो. पुढेमागे तुम्हाला मुलांच्या गाण्यांसाठी खालचा दणका हवासा वाटला, तर एक लहान सबवूफर घ्या आणि सोफ्याच्या बाजूच्या कोपऱ्यात सरकवा. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीट उमगत नाही, त्यामुळे तो डोळ्यांआड राहिला तरी चालतो. अर्थात कोपऱ्यात ठेवल्यावर त्याची पातळी कमी करावी लागते, नाहीतर पुन्हा तोच 56 चा घुमारा.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाहीत. बुकशेल्फ स्पीकर स्टँडवर ठेवला की जमिनीवरची जागा टॉवरइतकीच खातो. फरक दिसण्यात आहे, आणि उचलता येण्यात. श्रावण संपत आला की सासूबाई हॉलच्या पूर्वेच्या कोपऱ्याकडे बघायला लागतात, मखर तिथेच बसतं. त्या दिवसांत माझे स्पीकर बेडरूममधल्या कपाटावर आणि स्टँड बाल्कनीच्या दारामागे जातात. वायरींना बनाना प्लग (नुसते खोचायचे पिन) लावलेत, त्यामुळे काढायला-लावायला मिनिटसुद्धा लागत नाही. "गणपतीत एकही काळी पेटी हॉलमध्ये दिसणार नाही" हे वाक्य आमच्या घरच्या वाटाघाटीत सगळ्यात जड पडलं. पंचवीस किलोच्या टॉवरबद्दल ते बोलता येत नाही.

स्टँड दोन फुटी घ्या. आपल्या सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून साधारण 95 सेंटिमीटरवर येतो. भारतीय बैठक असेल तर पाऊण मीटरच्या आसपास, मग स्टँड त्या हिशेबाने ठेंगणे. वजन पाहा, हलके स्टँड मूल धडकलं की आडवे होतात. आणि खाली खिळ्यांसारखे टोकदार पाय येतात ते लावूच नका. व्हिट्रिफाइड टाइल्सवर ओरखडा उमटला की त्या दिवसापुरतं सगळं बोलणं फिसकटतं. ग्रॅनाइट-कडप्प्याच्या दुकानात कापलेल्या ओट्यांचे उरलेले तुकडे पडलेले असतात. 30 बाय 40 सेंटिमीटरचे दोन कापून, कडा घासून घ्या. 2 सेंटिमीटर जाडीचा असा तुकडा सहा-साडेसहा किलोचा भरतो. खाली फेल्टचे पॅड चिकटवा, वर स्टँड ठेवा. बुंध्याला वजन येतं, फरशी पुसताना स्टँडच्या तळाला पाणी लागत नाही, आणि एका हाताने किंवा पायाने हलकेच ढकललं तरी सगळं सरळ पुढे सरकतं. दोन्ही मुक्कामांच्या जागी टाइलच्या रंगाच्या चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा. मावशी पोछा मारताना स्पीकर हलवणारच. त्यांच्यावर चिडण्याऐवजी परत कुठे ठेवायचे हे फरशीवरच दिसू दे.

आता पुढे सरकवायला जागा कुठून येणार? टीपॉयमधून. सोफा 85 सेंटिमीटर, समोर टीव्ही युनिट 40-45, आणि मधल्या जेमतेम पावणेदोन मीटरमध्ये काचेचा टीपॉय. तो गुडघ्यांना लागतो, येण्याजाण्याची वाट अडवतो आणि स्पीकरचा आवाज त्याच्या काचेवरून उसळून कानात येतो. त्याऐवजी एकात एक सरकणारी दोन छोटी टेबलं सोफ्याच्या बाजूला ठेवा. तुम्ही दीड फूट मागताय आणि अख्खा टीपॉय परत देताय, हे वहिनींना मोजून दाखवता येतं. टेपच घ्या हातात.

मोजून दाखवण्यावरून आठवलं. घ्यायचं ठरवण्याआधी स्पीकरच्या मापाची दोन पुठ्ठ्याची खोकी तयार करा, खाली स्टूल देऊन खऱ्या उंचीला आणा, आणि आठवडाभर तिथेच राहू द्या. दार पूर्ण उघडतंय का, पडदा अडकतोय का, सोफ्यावरून उठताना खांदा लागतो का, हे चर्चेत कळत नाही. खोक्यांची चेष्टा होईल, होऊ दे. वहिनींना खोकं चार इंच डावीकडे हवं असेल तर त्या ते सरकवतील, आणि तिथून पुढे ती जागा त्यांनी ठरवलेली असेल.

पडदे आणि सतरंजी आधी घ्या, स्पीकर नंतर. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे बारीक झणझणाट ऐकू आला तर त्या दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाजाचा चेंडू करताहेत. जाड, भरपूर चुण्यांचे पडदे, समोर सतरंजी किंवा गालिचा, सोफ्यामागे पुस्तकांचं शेल्फ, यांनी तो झणझणाट बसतो. (खर्जाला पडदे काही करत नाहीत, तो खूळपणा नको.) हीच खरेदी वहिनींच्या यादीत कदाचित वर्षभर पडून असेल. ती स्टिरिओच्या बजेटमधून करा. बजेट मात्र उघड सांगा, किंमत अर्धी करून सांगायची प्रथा मला घाण वाटते.

वायरी हा स्वतंत्र राग असतो. नवऱ्याला पेट्या खपल्या, वायरी खपल्या नाहीत. 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, इलेक्ट्रिशियन पॉवर पॉइंटला वापरतो तीच जाडी. दहा मीटर नेलीत तरी जाऊन-येऊन रोध साधारण 0.14 ओहम, आठ ओहमच्या स्पीकरपुढे किरकोळ. महागड्या केबलचे पैसे पडद्यांना वळवा. रंगकाम काढणार असाल तर प्लास्टरमधून वेगळा पाइप टाकून घ्या, विजेच्या वायरींबरोबर नको. पण नव्या सोसायट्यांत बऱ्याच ठिकाणी मिवान पद्धतीच्या अख्ख्या आरसीसी भिंती असतात. तिथे झिरी पाडायला देऊ नका, त्या भिंती इमारतीचा भार उचलतात. मग स्कर्टिंगवरून भिंतीच्या रंगाची केसिंग पट्टी, बस.

ॲम्प्लिफायर टीव्ही युनिटमध्ये जाईल, पण काचेच्या दाराआड कोंडू नका, वर चार-पाच इंच मोकळं सोडा. सासूबाईंनी माझ्या ॲम्पवर भरतकामाचा रुमाल अंथरला होता, जुन्या रेडिओवर असायचा तसा. सुंदर दिसत होता आणि खाली ॲम्प तापत होता. शेवटी रुमाल टर्नटेबलच्या झाकणावर गेला. धूळही बसत नाही आता.

आणि टीव्हीचा आवाज त्याच ॲम्पमधून काढा. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच ॲम्पकडे आणणारी सोय) असलेला ॲम्प निवडा, म्हणजे टीव्ही लावला की ॲम्प आपोआप चालू होतो आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटवर राहतो. मालिका लावायला तीन रिमोट लागले तर तुमची सिस्टिम घरात परकीच राहणार. नीट जोडलीत तर संवाद एकदम स्वच्छ ऐकू येतात. आमच्याकडे सासूबाईंनी टीव्हीचा आवाज निम्म्यावर आणला, आणि स्पीकर काढायची भाषा त्यानंतर कुणी केली नाही.

बेडरूममध्ये लावा असंही कुणी सुचवेल. पलंगाने खोली खाल्लेली असते आणि दुसरं माणूस झोपलेलं असतं. नको.

वेळेचं बोलणं करताना ऐकायचे तास नेमके सांगा. रविवारी सकाळी नाश्त्यानंतर दोन तास, एखाद्या संध्याकाळी एक तास. रात्री दहानंतर हेडफोन, तो तर शेजाऱ्यांशीही करार असतो. त्या तासांत तुमची खुर्ची मधोमध, बाकीच्या वेळी सोफा सगळ्यांचा.

दुकानात ऐकून निर्णय घेऊ नका, तिथली खोली तुमची नाही. घरी डेमो मागा, अनेक विक्रेते देतात. दोन बुकशेल्फ जोड्या मागवा आणि अट्टहास असेल तर तो टॉवरही. आधी वहिनींच्या आवडीची गाणी लावा. टॉवर भिंतीला लावून ऐका, मग पुढे ओढून ऐका. एवढं करून दोघांनाही टॉवरच आवडले तर खुशाल घ्या, फक्त मागे हवेचं भोक असेल तर भिंतीलगतच्या मुक्कामात त्यात फोमचा बोळा बसवायचा, बऱ्याच कंपन्या तो सोबतच देतात.

सोफा कुठल्या भिंतीला आहे, बाल्कनीचं दार कुठे उघडतं आणि गणपती कुठे बसतात, एवढं कळवा. कागदावर आखलेलं असेल तर उत्तम. मग दोन्ही मुक्कामांची अंतरं सांगते.