निवडणारीच्या लेकीस

जळगाव,
पोळ्याचा दुसरा दिवस

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. "काका, शेठनी बिलाचा मोबाइलवर फोटो काढला आन् एंट्री आपोआप टॅलीत गेली. मनं काम जाई का?" मेसेजवरच उत्तर द्यायला बसलो, पण दोन ओळींत मावेना.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नुसती बिलं टॅलीच्या हिशोबात चढवण्याचं काम जाईल. कधी, ते तुझ्या शेठच्या खर्चाच्या हिशोबावर आहे. तुला बरं वाटावं म्हणून मी उलटं सांगणार नाही. तसं मी एकदा केलं आहे, आणि तेही तुझ्या आईशी.

तू तेव्हा चौथी-पाचवीत असशील. एमआयडीसीतल्या आमच्या डाळमिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली बत्तीस बायका निवडायला बसत. पुढ्यात तूरडाळीचा ढीग, हातात सूप. खडा, काळा दाणा, साल न सुटलेला दाणा सगळं बोटांनी बाजूला व्हायचं. तुझी आई तर माल आला की एक दाणा दाताखाली धरायची आणि सांगायची, "दादा, ओली शे, अजून एक ऊन द्या." ती चुकलेली मला आठवत नाही.

मग सॉर्टेक्स आलं. तू ते जवळून पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगतो. वरून डाळ उतरत्या पन्हाळीतून घसरत येते. खाली काचेमागे कॅमेरे असतात. ते दाणा न् दाणा पाहतात, आणि रंगात फरक दिसला की बारीक नोझलमधून हवेचा फटका बसून तो दाणा बाजूच्या खान्यात उडतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे होतं. बत्तीस जणींचं दिवसभराचं काम ते सकाळच्या चहापर्यंत उरकायचं.

बायकांनी मला विचारलं, "दादा, आते काय करानं?" मी म्हणालो, "बघू, कुठंतरी लावून घेऊ." मी सुपरवायझर होतो, मला माहीत होतं की लावायला जागा नाही. तिघी गोण्या शिवायला राहिल्या. बाकीच्या महिनाभरात गेल्या. तुझी आई कपाशी वेचायला जाऊ लागली.

मला खुपतं ते पुढचं. मशीनवर बसवलेला मुलगा आठ दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आला होता. बटणं त्याला येत होती, डाळ कळत नव्हती. सेटिंग कडक ठेवलं की चांगली डाळही रिजेक्शनमध्ये उडायची, सैल ठेवलं की काळा दाणा गोणीत. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी उतरलं की नोझल नीट मारत नसे. काचेवर भुकटी बसली की कॅमेऱ्याला चांगला दाणाही डागाळलेला दिसे. पहिल्या हंगामात कितीतरी चांगली डाळ चुनीच्या, म्हणजे गुरांना घालायच्या तुकड्या-भुकटीच्या, भावात गेली. ज्या बायकांनी मूठभर माल हातात घेऊन हे ओळखलं असतं, त्या तेव्हा दुसऱ्याच्या शेतात होत्या. त्यांना मशीन शिकवावं हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. ते मला सुचायला हवं होतं.

माझे मामा भुसावळला रेल्वेत फायरमन होते. कोळसा ओढणारा माणूस. वाफेची इंजिनं गेली तेव्हा रेल्वेनं त्यांना शिकवलं आणि विजेच्या इंजिनावर सहायक म्हणून घेतलं. बदल तितकाच मोठा होता, पण तिथं शिकवायचं कुणीतरी ठरवलं होतं.

म्हणून मोठे आकडे वाचताना जपून वाच. जागतिक आर्थिक मंचाच्या 2025 च्या अहवालात 2030 पर्यंत जगात 17 कोटी नवी कामं तयार होतील आणि 9.2 कोटी जातील असा अंदाज आहे. बेरीज चांगली दिसते. पण ज्याचं काम गेलं त्याच्याच गावात, त्याच्याच हाताला नवं काम येईल, असं ती बेरीज सांगत नाही.

आता तुझं. तू ज्या डाळीची बिलं चढवतेस, ती डाळ कशी तयार होते ते तुला कितपत माहीत आहे? 100 किलो तुरीतून साधारण 70 ते 75 किलो डाळ निघते, बाकी चुनी, भुसा. उतारा एकदम 66 वर आला, तर माल ओला होता, मशीन बिघडलं की वजनात गडबड झाली, हे फोटो काढणारं अ‍ॅप विचारणार नाही. तू विचारायला हवं. जीएसटीचंच घे. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के कर आला. 30 किलोची गोणी त्यातून सुटली. एंट्री आपोआप होताना दोन्ही एकाच रकान्यात गेल्या तर कोण पकडणार? पुरवठादारानं बिल दिलं पण जीएसटीच्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही, म्हणून शेठचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकलं, तर त्या माणसाला फोन कोण करणार? हे काम आजही तुझ्याच टेबलावर पडून आहे. चढवण्याच्या गडबडीत तुला त्याच्याकडं बघायला वेळ मिळत नाही, इतकंच.

तेव्हा ते अ‍ॅप तूच शिक. शेठला म्हण, "हे मी चालवते, चुका मी तपासते." नोकरी हातात असताना म्हण. आपल्याकडं पोरी विचारायला लाजतात, आणि मग बाहेरचा आठ दिवसांचा ट्रेनिंगवाला येऊन बसतो. शहरातल्या क्लासच्या हजारोंच्या फीला मात्र लगेच हात घालू नकोस. आधी महिनाभर दररोज एक तास अ‍ॅपच्या एंट्र्या हातानं तपास आणि ते कुठं चुकतं ते वहीत लिही. त्या वहीवरून काय शिकायचं ते तुझं तुलाच कळेल.

आणखी एक. हमालांची, निवडणाऱ्यांची हजेरी तुझ्याच कॉम्प्युटरवर असते. नवं मशीन येणार हे ऑफिसात आधी कळतं. कळलं की त्यांना सांग. मी सांगितलं नव्हतं.

रविवारी मिल बंद असते, आम्ही सॉर्टेक्सची काच पुसतो, नोझल तपासतो. तू ये. आईलाही आण. रिजेक्शनची एक गोणी मी बाजूला काढून ठेवली आहे. त्यात चांगली डाळ किती गेली, ते तिनं हात घालून सांगावं, आणि सेटिंग तिच्यासमोर तू बदलावंस.

तुझा,
काका