साताऱ्याहून कोकणात फ्लाय रॉड, म्हणजे पिसांचं आमिष फेकायची गळाची काठी, घेऊन जायचंय. समुद्राचं पाणी कोमट आणि गढूळ, तिथे जमेल का? पौर्णिमेचं उधाण गाठावं का?

पौर्णिमा सोडा, अष्टमीला जा. शुद्ध असो की वद्य. तेव्हा भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी.

तुम्ही लिहिलंय की गुहागरकडच्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलं, उधाण असेल तेव्हाच या, आणि हे पिसांचं खेळणं थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी असतं, आपल्या दर्यात चालत नाही. हे दोन्ही मुद्दे माझ्या सासुरवाडीत मला कैक वर्षं ऐकवले जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कऱ्हाडचा. लहानपणी कृष्णेत गळ टाकला, मोठेपणी नदीकाठच्या गवतावर फ्लाय लाइन (त्या काठीची जाड दोरी) फेकायला शिकलो. सासुरवाडी गुहागर तालुक्यात. थोरले मेहुणे खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकतात आणि पाण्यातलं त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, हे मी कुणासमोरही म्हणेन. पंचांग न उघडता ते भरतीची वेळ सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसातून दोनदा. मिनिटाचा हिशेब नाही हा, पण किनाऱ्यावरचा माणूस ह्यावर दिवस आखतो. हे गणित मला त्यांनीच शिकवलं आणि त्याच गणिताने मी त्यांच्याशी भांडतो.

ते म्हणतात, "भावोजी, भांगाच्या भरतीला पाण्याला ओढ नसते. ओढ नाही तर मासा हलत नाही. आणि ह्या कोंबडीच्या पिसाला जिताडा लागला तर मी पाग विकून टाकीन."

एका मार्गशीर्षात वद्य सप्तमीला आम्ही तिथे मुक्कामाला होतो. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं, "उद्या भांग आहे, निवांत झोपा." मी पाचच्या आधी उठलो. तेही उठले, वाट दाखवायला म्हणून. वाशिष्ठीच्या खाडीला मिळणारा एक फाटा आहे, तिथे खाजणाला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला, बांध घातलेला आणि बांधाला उघाडी, पाण्याच्या ये-जा करायची वाट. भरतीचं पाणी आत शिरतं, ओहोटीला त्याच तोंडाने बाहेर येतं. दोन्ही बाजूंना कांदळवन. आम्ही पोचलो तेव्हा भरती पुरी झाली होती आणि पाणी थांबलेलं. डोक्यावर अर्धा चंद्र, पाठीवर मतलई वारा, चांगलाच गार. मेहुणे बांधावर बसून म्हणाले, "बघा, पानसुद्धा वाहत नाही." खरंच वाहत नव्हतं. मी रॉड जोडला आणि तसाच थांबलो.

थांबणं महत्त्वाचं. उजाडता उजाडता पाणी फिरलं, आणि भांगाचं पाणी फिरतं ते हळू. उघाडीतून आधी काडीकचरा यायला लागला, मग बोईटांची पिल्लं. तोंडापासून पंधरा-वीस हातांवर एकदा पाणी फुटलं. मेहुण्यांनी पागेला हात घातला, मी म्हटलं थांबा. पांढऱ्या-हिरव्या केसांचा क्लाउझर (पिसाच्या आमिषाचाच एक प्रकार) बांधला होता, डोळ्यांच्या जागी जड मणी असलेला. तो प्रवाहाच्या आडवा टाकला, बुडू दिला, मग हातभर ओढ, थांब, हातभर ओढ, थांब. तिसऱ्या थांब्याला दोरी जड झाली.

जिताडा लागला की पहिल्यांदा मुळांकडे पळतो. कांदळाच्या मुळांत शिरला तर दोरी गेली. मी हाताने दाबून धरली, बोटाची कातडी निघाली, पण सोडली नाही. तो एकदा पूर्ण पाण्याबाहेर उडाला, मान झटकली, आणि मग मेहुणेच कमरेएवढ्या पाण्यात उतरले. त्यांनी त्याला खालच्या ओठाला धरून उचलला. कल्ल्यात हात घालायचा नसतो, जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं कापतं. मासा माझ्या हाताएवढा लांब होता. बांधावर ठेवल्यावर मेहुण्यांनी तोंडातलं पीस काढून उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला भूक लागली होती, त्यात तुमचं काय?"

दुपारी सासूबाईंनी कालवण केलं. मेहुण्यांनी दोनदा वाढून घेतलं. आणि लग्नाकार्यात अजूनही पाच जणांत सांगतात की नशीब होतं.

नशीब नव्हतं, आणि कारणं सरळ आहेत. उधाणाला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, वेगाने वाहतं आणि खाडीचा सगळा गाळ ढवळून काढतं. जाळ्याला ते चालतं. कोळंबी लावलेल्या गरीलाही चालतं, कारण गढूळ पाण्यात मासा वासावर येतो. पिसाला ना वास ना चव, मासा ते डोळ्यांनी बघून किंवा त्याची हालचाल जाणवून येतो. गढूळ, धावत्या पाण्यात त्याला ते सापडतच नाही, आणि आपली जाड लाइन प्रवाह कमानीसारखी ओढून नेतो. शिवाय उधाणाच्या भरतीला मासा थेट कांदळवनाच्या आत पसरतो. तिथे फेकायला जागा कुठली?

दुसरं कारण वाऱ्याचं, आणि ह्याचा विचार घाटावरून जाणारे करत नाहीत. हिवाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की पाठीमागून येतो. लाटा बसवतो, लाइन पुढे नेतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो आणि खारा वारा थेट तोंडावर सुरू होतो. आता तिथीशी जोडून बघा. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे ओहोटीचे पहिले चांगले तास मतलई वाऱ्यात मिळतात. पौर्णिमेला पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी संपलेली, समोर नुसता चिखल, आणि भरती भरत येते तोवर वारा फिरलेला. त्या वाऱ्यात नवशिक्याचा गळ स्वतःच्याच कानात घुसतो.

कोमट पाण्याचं म्हणाल तर ती अडचण नाहीच. ट्राउटला थंड पाणी लागतं, जिताड्याला आणि तांबोशीला ऊबच लागते. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीतही पाणी २६-२७ अंश असतं, मे महिन्यात ३० च्या आसपास. ह्यात हे मासे सुस्त होत नाहीत. उन्हाळ्यात भर दुपारी उथळ पाणी फार तापतं, तेव्हा पहाट आणि संध्याकाळ धरायची, बस. उष्णतेचा त्रास माशापेक्षा तुमच्या लाइनला होतो. थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन आपल्या उन्हात लिबलिबीत होते, रॉडच्या कड्यांना चिकटते. दुकानदाराने रॉडबरोबर तसली दिली असेल तर बदलून ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण हवेसाठी बनवलेली, घ्या. रॉड आठ किंवा नऊ वेटचा (वेट म्हणजे रॉड किती जड लाइन पेलतो त्याचा आकडा), टोकाला हातभर चाळीस पौंडी जाड तंगूस. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने धुवा.

महिने: नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. पावसानंतर नद्या निवळायला वेळ लागतो. मार्चपासून दुपारचे वारे वाढतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. काठावरून टाकणारे म्हणतात आपल्याला काय, पण त्या दर्यासमोर खडकावर उभं राहू नये. आणि एक गोष्ट आपण घाटावरच्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. वाशिष्ठीत उन्हाळ्यातही जे पाणी वाहतं ते कोयनेचं, पाटण तालुक्यात अडवलेलं, पोफळी-कोळकेवाडीला वीज करून तिथे उतरलेलं. जिताडा खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांत राहतो. त्या खाडीत आपण अगदीच परके नाही.

आता मेहुण्यांच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर ते वाचून फोन करतील. भांगाला काही ठिकाणी पाणी इतकं मंद असतं की मासा खरंच तोंड उघडत नाही. म्हणून मोकळी खाडी नको, उघाडी किंवा अरुंद फाट्याचं तोंड शोधा, तिथे थोडं पाणीही ओढ धरतं. अष्टमीऐवजी नवमी-दशमी मिळाली तरी चालेल, दशमीची भरती साडेसातला येते. खडकाळ टोकांवर, जिथे गाळ नाही, तिथे उधाणही उपयोगी पडतं, पण पाणी पाठीमागून चढतं, एकट्याने जाऊ नका. वाळूत चालताना पाय घासत चाला, शेपटीला काटा असलेली पाकट असते. फारच मोठा जिताडा लागला तर सोडून द्या. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे सगळ्यांत मोठे तेच अंड्यांचे. ह्यावर मेहुण्यांशी माझा वेगळा वाद आहे, तो इथे काढत नाही.

साताऱ्याहून उंब्रज-पाटण-कुंभार्ली घाट-चिपळूण असे चार-पाच तास धरा आणि आदल्या दिवशीच पोचा. तुमच्या त्या ओळखीच्या माणसाला सोबत घ्या. सकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहून आपल्या पायाची बोटं दिसतात का ते दोघांनी बघा. दिसली तर पीस बांधा. नाही दिसली तर त्या दिवशी त्याला पाग टाकू द्या. मग पुढच्या पौर्णिमेला त्याच जागी, भरती फिरल्यावर त्यालाच उभं करून तेच विचारा. माझे मेहुणे ह्या परीक्षेला अजून तयार झालेले नाहीत.