सातपूरच्या शिफ्टमधून प्रार्थनेला वेळ

प्रिय बहिणी, तू म्हणालीस की सातची शिफ्ट, डबे आणि मुलांची शाळा यात शास्त्रपाठाला, म्हणजे बायबल वाचायला, वेळच उरत नाही. वेळ उरत नसतोच गं, तो आधी बाजूला काढावा लागतो. मार्क १:३५ वाच, म्हणजे बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायाचं पस्तिसावं वचन. आदल्या संध्याकाळी सारं गाव दाराशी लोटलं होतं, तरी प्रभू येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थनेला गेला.

लगेच तासभर बसायचा नेम करू नकोस. मी केला होता. आठवड्यात मोडला आणि पुढे कित्येक दिवस अपराधी वाटत राहिलं. दहा मिनिटं पुरेत. चहाचं आधण ठेवण्याआधी बस, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. सुरुवात मार्कापासूनच कर. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळाच अध्याय. अध्याय पुरा झालाच पाहिजे असं नाही. एखादं वचन मनात अडकलं तर तिथेच थांब, तेच चिठ्ठीवर लिहून डब्याच्या पिशवीत टाक.

फारच धावपळ असेल त्या दिवशी बायबलमधलं स्तोत्र ११७ म्हण, दोनच ओव्या आहेत. त्र्यंबक रोडला बस अडकली की एकेका शेजारणीचं नाव घेऊन प्रार्थना कर; मला हा वेळ सर्वांत प्रिय आहे. रात्री मुलांना जवळ घेऊन एक गीत म्हणा, सूर चुकला तरी चालेल.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नकोस. नेहमीसारखीच बस.