मेनफ्रेमवर फोल्डर का दिसत नाहीत? पीएस, पीडीएस आणि व्हीसॅममध्ये फरक काय?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सांगलीचे, नुकतेच मेनफ्रेमच्या (आयबीएमच्या मोठ्या संगणकाच्या) प्रोजेक्टवर आलात आणि आयएसपीएफ या मेन्यूच्या 3.4 पॅनेलवर, म्हणजे डेटासेटच्या यादीत, फाइली दिसतात पण फोल्डर सापडत नाहीत. सापडणार नाहीत, कारण ते नाहीतच. नवीन मुलांना ‘डेटासेट म्हणजे फोल्डरमधली फाइल’ असं शिकवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. ते डोक्यातून काढायला नंतर सहा महिने जातात.

‘सांगली.हळद.आवक’ असं नाव असलं, तरी ‘सांगली’ नावाचा कप्पा कुठेही नसतो. ठिपक्यांसकट ते एकच नाव. ठिपक्यांमधला प्रत्येक भाग जास्तीत जास्त 8 अक्षरांचा, सगळं मिळून 44. हे नाव कुठल्या व्हॉल्यूमवर (डिस्कवर) आहे ते कॅटलॉग सांगतो, आणि त्या व्हॉल्यूमवर नेमक्या कुठल्या ट्रॅकवर (डिस्कच्या पट्टीवर) आहे ते तिथलं व्हीटॉक, म्हणजे त्या डिस्कची अनुक्रमणिका, सांगतं.

फोल्डरपेक्षा हरिपूरचं हळदीचं पेव डोळ्यांसमोर आणा. पेव आधी खणावं लागतं, हळद जास्त आली म्हणून ते आपोआप मोठं होत नाही. डेटासेटची जागाही तशीच आधी मागायची असते, आणि नव्या माणसाचे निम्मे ॲबेंड (जॉब अर्ध्यात बंद पडणं) इथेच होतात.

एक जॉब, म्हणजे मेनफ्रेमला दिलेलं काम, घ्या. 80 बाइटचे 1,00,000 रेकॉर्ड लिहायचेत. जुन्या जेसीएलवरून (जॉबच्या सूचनांवरून) उचललेलं डीडी कार्ड, म्हणजे डेटासेटचं वर्णन करणारी ओळ: रेकफॉर्म एफबी (सारख्या लांबीचे रेकॉर्ड), रेकॉर्डची लांबी 80, ब्लॉकसाइझ (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या गठ्ठ्याचा आकार) तोही 80, स्पेस (सिल,(10,2)). म्हणजे प्रायमरी (सुरुवातीची जागा) 10 सिलिंडर आणि लागतील तशी 2-2 सिलिंडरची सेकंडरी (वाढीव जागा). साध्या डेटासेटला एका व्हॉल्यूमवर 16 एक्स्टेंट (जागेचे सलग तुकडे) मिळतात. प्रायमरी 10, वर 15 वेळा 2, एकूण 40 सिलिंडर. 3390 डिस्कवर एका सिलिंडरमध्ये 15 ट्रॅक, म्हणजे 600 ट्रॅक झाले.

आता ट्रॅकवर किती मावतं बघा. ट्रॅक 56,664 बाइटचा, त्यामुळे 80 ने भागून 708 रेकॉर्ड बसतील असं वाटतं. पण प्रत्येक ब्लॉकमागे डिस्कची स्वतःची जागा जाते. 80 चा ब्लॉक असेल तर ट्रॅकवर फक्त 78 रेकॉर्ड बसतात. एकेक हळकुंड वेगळ्या पोत्यात भरून ट्रक लादण्यासारखं आहे हे. 600 गुणिले 78 म्हणजे 46,800. निम्मेसुद्धा रेकॉर्ड न लिहिता जॉब बी37 (आणखी जागा मिळत नाही) देऊन पडतो.

अशा वेळी टीममधलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘डिस्क स्वस्त आहे, (100,50) टाक.’ जॉब चालतो, आणि दुखणं तसंच राहतं. या उत्तराशी मी वर्षानुवर्षं भांडत आलोय. ब्लॉकसाइझ 27,920 करा: एका ब्लॉकमध्ये 349 रेकॉर्ड, ट्रॅकवर दोन ब्लॉक, म्हणजे 698 रेकॉर्ड. तेच 1,00,000 रेकॉर्ड 144 ट्रॅकमध्ये बसतात. 10 सिलिंडरची प्रायमरी पुरते, सेकंडरीला हातही लागत नाही. शिवाय लाखाऐवजी 287 ब्लॉक लिहिले जातात, त्यामुळे वेळही वाचतो. मोठा म्हणून 32,720 घ्याल तर ट्रॅकवर एकच ब्लॉक बसेल, 409 रेकॉर्ड, उरलेली जागा फुकट. आकडेमोड नको असेल तर ब्लॉकसाइझ 0 द्या, सिस्टीम स्वतः ठरवते.

डी37 आणि ई37 हेही जागा संपल्याचेच कोड. डी37 आला तर सेकंडरी दिलेलीच नाही असं समजा. ई37 बहुतेक पीडीएसवर भेटेल.

पीएस म्हणजे वर सांगितलेला, रेकॉर्ड एकामागून एक असलेला डेटासेट. पीडीएस म्हणजे पुढे डिरेक्टरी (नावांची यादी) आणि मागे मेंबर (एकाच डेटासेटमधले वेगवेगळे मजकूर). मेंबर सेव्ह केला की तो नव्या जागी लिहिला जातो, जुनी जागा अडकून राहते. डिलीट केला तरी फक्त डिरेक्टरीतली नोंद जाते. ती जागा सोडवायला 3.4 वर डेटासेटच्या समोर झेड टाकून कॉम्प्रेस करा. डिरेक्टरी भरली तर मात्र बी14 येतो, आणि तिथे कॉम्प्रेसचा उपयोग नाही. जास्त डिरेक्टरी ब्लॉकचा नवा पीडीएस काढून मेंबर कॉपी करायचे. 256 बाइटच्या एका डिरेक्टरी ब्लॉकमध्ये आयएसपीएफच्या आकडेवारीसकट (मेंबर कुणी, कधी बदलला) साधारण 6 मेंबर मावतात, त्या हिशोबाने मागा. पीडीएसई, म्हणजे पीडीएसचा सुधारलेला प्रकार, घेतलात तर ही दोन्ही दुखणी टळतात.

व्हीसॅम वेगळा विषय आहे. तो आयडीकॅम्स या युटिलिटीने डिफाइन करायचा, तिथे ब्लॉकऐवजी कंट्रोल इंटरव्हल असतो, आणि केएसडीएस या त्याच्या प्रकारात कीवरून थेट रेकॉर्ड मिळतो. सुरुवातीला एवढं पुरे.

आणखी दोन गोष्टी. प्रायमरी एका तुकड्यात मिळाली नाही तर सिस्टीम ती पाचपर्यंत तुकड्यांत देते, मग सेकंडरीच्या फेऱ्या कमी होतात, म्हणून वरचे 40 सिलिंडर दरवेळी मिळतीलच असं नाही. व्हीबीमध्ये (कमीजास्त लांबीचे रेकॉर्ड) रेकॉर्डच्या लांबीत सुरुवातीचे, लांबी सांगणारे 4 बाइटही धरायचे: 80 चा मजकूर असेल तर 84 लिहा.

उद्या तुमच्या जेसीएल लायब्ररीत ब्लॉकसाइझ 80 शोधा. सापडला आणि कुणी ‘डिस्क स्वस्त आहे’ म्हणालं, तर 78 आणि 698 हे दोन आकडे त्यांच्यापुढे ठेवा.