लिनक्सवर रिअल-टाइम कर्नल (कामं ठरलेल्या वेळेत उरकणारा सिस्टिमचा गाभा) टाकला, पण तो वेळ पाळतोय का हे कशाने तपासायचं?

सुरुवात सायक्लिकटेस्टपासून करा. आरटी-टेस्ट्स पॅकेजमध्ये ते मिळतं. काम सरळ आहे: थ्रेडला (प्रोग्राममधल्या कामाच्या एका धाग्याला) ठरलेल्या क्षणी उठायला सांगायचं आणि तो किती उशिरा उठला हे मायक्रोसेकंदांत नोंदवायचं. पडद्यावर किमान, आत्ताचा, सरासरी आणि कमाल असे आकडे पळत राहतात. तुम्ही कमाल बघा. लाखो वेळा ५ आला आणि एकदाच ४०० आला, तरी मोटर चालवायची असेल तर ते मशीन ४०० चंच धरायचं.

बहुतेकजण इथेच फसतात. मशीन रिकामं असताना दोन मिनिटं टेस्ट चालवतात आणि आकडा छान आला म्हणून खूश होतात. कृपा करून असं करू नका. शेजारी हॅकबेंच किंवा स्ट्रेस-एनजी असं मशीनवर ताण टाकणारं साधन लावा, डिस्क आणि नेटवर्कला राबवा, आणि निदान रात्रभर चालू द्या. टेस्टचं प्राधान्य वरचं ठेवा, मेमरी लॉक करा, म्हणजे ती डिस्कवर ढकलली जाणार नाही.

कमाल आकडा मध्येच उसळला तर आरटीएलए हे उशिराचं कारण शोधणारं साधन घ्या. त्यातलं टाइमरलॅट उशीर इंटरप्टलाच (सीपीयूला हार्डवेअरने मारलेल्या हाकेलाच) झाला की नंतर थ्रेड उठेपर्यंत, हे वेगवेगळं दाखवतं. तिथेही काही सापडलं नाही तर एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट चालवा, ते हार्डवेअर किंवा फर्मवेअरमुळे होणारा उशीर पकडतं. फर्मवेअरचे (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचे) एसएमआय, म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट इंटरप्ट, कर्नलला न विचारता सीपीयू ताब्यात घेतात आणि कर्नलमध्ये कितीही शोधलं तरी हाती लागत नाहीत.

आणि हो, कर्नलला रिअल-टाइम बनवणारं प्रीएम्प्ट-आरटी २०२४ च्या ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आहे. एक्स८६ किंवा ६४-बिट आर्म असेल तर बाहेरचा पॅच शोधत बसू नका.