खानदेशात लग्न झालेल्या बहिणीने वडिलोपार्जित शेतीत हिस्सा मागितला, तर माहेर तुटते का?

कायद्याचे उत्तर सोपे आहे: 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू कुटुंबातील मुलगी जन्मतःच मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची वाटेकरी, मानली जाते आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले; मात्र 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळे मोडत नाहीत.

अवघड भाग आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाचा आहे. आमच्या रावेरकडे भाऊ मुऱ्हाळी म्हणून बहिणीला आणायला जातो, निंबाच्या फांदीला झोका बांधला जातो, आमरसाची पंगत बसते. आणि तिसऱ्या दिवशी, जाण्याची पिशवी भरता भरता, हक्कसोडीचा कागद पुढे येतो. माझ्या आत्याने त्यावर मुकाट्याने सही केली. माझ्या बहिणीने मात्र आधी सातबारा मागितला, केळीच्या बागेवरचे पीककर्ज किती हे विचारले आणि मग सही नाकारली. वर्षभर अबोला राहिला, हे लपवण्यात अर्थ नाही. आता उताऱ्यावर तिचे नाव आहे, बाग मीच कसतो, आणि खर्च वजा जाता तिचा वाटा तिच्या खात्यात जातो. यंदाही तिला आणायला मीच गेलो होतो. पिशवीत या वेळी फक्त सांजोऱ्या होत्या.